आडनाव उसनं दिलं तेव्हा

कंपनीच्या कँटीनमध्ये हल्ली तरुण मंडळी जेवताना एका गोष्टीवर हमखास भांडतात. कुठला व्हिडिओ गेम खरा रोल-प्लेइंग आणि कुठला नुसता नावापुरता. एक म्हणतो, लेव्हल वाढली पाहिजे. दुसरा म्हणतो, आपला माणूस आपल्याला घडवता आला पाहिजे. मी आमटी भुरकत ऐकत असतो. निवृत्तीला टेकलेल्या स्टोअर्सच्या माणसाला यातलं काय कळणार, म्हणून मला कुणी विचारत नाही, आणि मीही तोंड उघडत नाही. उघडलं तर घास जाणार नाही, त्यांचाही आणि माझाही.

याच वादात मी तीस वर्षांपूर्वी होतो, याच वाळूजला. तेव्हा इथल्या एमआयडीसीत रोज नवी शेड उभी राहत होती आणि आजूबाजूच्या खेड्यांतली आमच्यासारखी पोरं आयटीआय करून आत शिरत होती. मी देवगाव रंगारीकडचा, धनगराचा. थोरला भाऊ अजून मेंढरांमागं होता. मला स्टोअर्समध्ये लावलं. तिथं आलेल्या मालाची नोंद करायला एक कॉम्प्युटर होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा. त्यावर बसायला माझ्याबरोबर आणखी एक जण लागला. तो सिल्लोडकडचा, बौद्ध. मला त्याचं नाव इथं लिहायचं नाही, आणि लिहायचा हक्कही मला राहिलेला नाही. शिफ्टमध्ये ज्याला आम्ही जोडीदार म्हणायचो तो माझा जोडीदार.

गेम आणला तो कॉम्प्युटर दुरुस्तीला पुण्याहून येणाऱ्या इंजिनिअरनं. एका फ्लॉपीत मावणारा. चित्रं जवळपास नाहीतच, सगळं इंग्रजी वाचायचं आणि टाइप करायचं. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. तेव्हाची बस सोडून आम्ही जनरल शिफ्टच्या पावणेसहाच्या बसपर्यंत थांबायचो आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन खेळायचो. सुपरवायझरला वाटायचं, पोरं राहिलेल्या नोंदी करताहेत. त्यानं एकदा आमचं कौतुकही केलं.

गेम सुरू झाला की आधी आपला माणूस तयार करायचा. नाव विचारायचा, मग वंश, मग धंदा. वंशाची यादी पडद्यावर आली तेव्हा जोडीदार हसत सुटला. "इथंबी पहिला सवाल ह्योच," म्हणाला. मी तलवारबहाद्दर घेतला. त्यानं चोर घेतला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, चोराला कुणी दारातून आत बोलवत नाही, म्हणून त्याला नकारही ऐकावा लागत नाही.

त्या गेममध्ये एक गाव होतं. गावाला वेस, वेशीवर पहारेकरी, तो प्रत्येकाला अडवून कोण, कुठला, विचारायचा. आत एका म्हाताऱ्या विधवेचं दुकान होतं. मी तिचा कंदील उचलला, गंमत म्हणून. पुढं दिवसभर गावात माझ्याशी कुणी बोलेना. लोहार बोलेना, वैद्य औषध देईना. मी चिडलो आणि जुनी फ्लॉपी घातली. मी पहिल्यापासून हुशारी केली होती. काहीही वेडंवाकडं करण्याआधी फ्लॉपीची कॉपी मारून ठेवायचो. बिघडलं की कॉपी घालायची आणि भल्या माणसासारखं पुन्हा दुकानात शिरायचं. जोडीदारानं कधी कॉपी केली नाही. त्याच्या चोराचा एक पाय जायबंदी झाला होता, अर्धं गाव त्याच्यावर खार खाऊन होतं, तरी तो तोच चोर घेऊन रोज बसायचा.

खरा रोल-प्लेइंग म्हणजे काय, हा वाद तिथला. इंजिनिअरचं म्हणणं, आकडे वाढतात तो. माझं म्हणणं, ज्यात आपण आपल्याला हवा तो माणूस होतो तो. जोडीदार दोघांचंही उडवून लावायचा. आकडे कॅरममध्येही वाढतात, म्हणायचा, आणि हवा तो माणूस बहुरूपीही होतो, संध्याकाळी रंग धुऊन घरी जातो. मग एकदा पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तू काय केलंस हे गावाच्या ध्यानात राहतं, अन् तुला माघारी फिरता येत नाय, त्यो खरा. तू कॉप्या मारतो. तू खेळतच नाय, नुसता बघतो."

मी हसण्यावारी नेलं.

त्याची अडचण खोलीची होती. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका नातेवाइकाकडं राहायचा. कंपनीची बस पकडायला पहाटेच निघावं लागायचं आणि तरी आठवड्यातून एखादी बस चुकायचीच. तेव्हा आम्ही दोघंही प्रोबेशनवर होतो. हजेरी आणि वेळ पाहून संक्रांतीनंतर कायम करणार होते. कायमचं पत्र हातात पडलं असतं तर त्याच्या घरातला तो पहिला पगारी माणूस ठरला असता. बस नगर नाक्यावरून जायची, तिथं माझी खोली होती. त्या भागात त्यानं पुष्कळ दारं वाजवली. खोली रिकामी असायची, पाणी कधी येतं तेही सांगायचे, मग आडनाव विचारायचे, आणि खोली नेमकी कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची.

युक्ती माझी. माझ्याच घरमालकाकडं त्याला माझं आडनाव लावून आणायचं, चुलतभाऊ म्हणून. त्याला ती मुळीच आवडली नाही. दोन आठवडे तो नाही म्हणत राहिला. मग एका सकाळी पुन्हा बस चुकली, टाइम ऑफिसनं नोंद केली, आणि तिसऱ्या दिवशी तो पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

मी फार खूश होतो, हे लाज सोडून लिहितो. मला वाटलं, मी केवढा मोठा माणूस. मी वहीचं एक पान घेतलं आणि त्याच्यासाठी माणूस तयार केला, गेममध्ये करायचो तसा. आडनाव. कुळी. कुलदैवत खंडोबा. देवक कुठलं. आजोळ कुठं, पाहुणे कुठल्या कुठल्या गावचे. मेंढरं दिवाळीनंतर कुठल्या वाटेनं चरायला निघतात, कातरणी वर्षातून किती वेळा, घोंगडं खांद्यावर कसं टाकायचं. तो ते पान शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि बसमध्ये पाठ करायचा. मी परीक्षा घ्यायचो. चुकला की चिडवायचो, "असा कुठं धनगर असतो व्हय?" तोही हसायचा, सुरुवातीला.

घरमालकीण काकू वाईट नव्हत्या. सणाला दोघांना ताट पाठवायच्या. पण सोयरिकी जुळवण्यात त्यांचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. माणूस दिसला की त्याचं देवक, त्याचे पाहुणे, त्याच्या मामाचं गाव विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जोडीदार सगळ्याला उत्तर द्यायचा. एकदा तर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्यापेक्षा तुझ्या भावाला घरचं जास्त ठाऊक आहे. मी ते त्याला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही.

त्याच्या पेटीच्या तळाशी कपड्यात गुंडाळलेली एक तसबीर होती, ती त्यानं कधी बाहेर काढली नाही. सहा डिसेंबरला त्याच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून अभिवादनाला गेली. तो खोलीतच बसून राहिला, कारण पांढऱ्या कपड्यात त्या अंगणातून बाहेर पडला असता तर काकूंनी विचारलंच असतं. संध्याकाळी मी आलो तेव्हा तो तसाच भिंतीला टेकून बसला होता. "आज दिवसभर मी धनगर व्हतो," एवढंच म्हणाला. मला त्याचं खरोखर वाईट वाटलं, पण वाईट वाटून मी जेवायला बसलो.

त्याच महिन्यात चंपाषष्ठी आली. शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला आई दरवर्षी यायची, त्या वर्षी परतताना माझ्या खोलीवर आली. बरोबर रोडगे आणि वांग्याचं भरीत, आणि कागदाच्या पुडीत देवाचा भंडारा. चुलतभावाचं नाटक मी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते रुचणार नाही, देवाधर्माची बाई, ती विटाळ मानेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. तिला म्हटलं, कामावरचा जोडीदार आहे. जोडीदाराला म्हटलं, तू कमी बोल.

त्यानं माझं ऐकलं नाही. आईनं गाव विचारलं आणि त्यानं खरं गाव सांगितलं. आईचं माहेर ओढ्यापलीकडचंच निघालं. दोघं मग त्या ओढ्यावर, तिथल्या चिंचेवर, कुठल्याशा दांडग्या बैलावर बोलत बसले. मी डोळ्यांनी खुणावत होतो, त्यानं बघितलंच नाही. आपल्या शिवारातल्या लेकीला आमच्या भागात आत्या म्हणतात. तोही म्हणाला, "आत्या, पाणी घ्या." कितीतरी दिवसांनी मी त्याला मोकळा बोलताना ऐकत होतो.

आई निघाली तेव्हा काकू अंगणात होत्या. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, हा तुमचा कोण लागतो. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "भाचा हाय माझा."

मला तेव्हा काही खटकलं नाही. काकूंना खटकलं, कारण निघताना त्यानं आईला आत्या म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. तो माझा चुलतभाऊ असेल तर माझी आई त्याची चुलती. आत्या म्हणजे बापाची बहीण. आई त्याची आत्या असेल तर त्याचं आडनाव तिच्या माहेरचं पाहिजे, आणि त्याचं आडनाव तर माझंच. म्हणजे आईचं माहेर आणि सासर एकाच आडनावाचं, जे आमच्यात कधी होत नाही. काकू आठवडाभर गप्प राहिल्या. ताट यायचं बंद झालं.

बाहेर दिवस तापत चालले होते. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आता होणारच, असं जो तो बोलत होता. कंपनीच्या बसमध्ये माणसं आपापल्या लोकांजवळ बसायला लागली. घरमालकांचा धाकटा भाऊ गावाहून येऊन राहिला होता, विरोधाच्या बैठकांना जायचा आणि अंगणात खाट टाकून मोठ्यानं बोलायचा. जोडीदार त्याच्यासमोरून मान खाली घालून ये-जा करायचा. पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी खोली सोडणार, असं त्यानं मला सांगितलं होतं. फार तर तीन आठवडे राहिले होते.

एके दिवशी आमची दुसरी शिफ्ट होती, म्हणून सकाळी दोघंही खोलीवरच होतो. जोडीदार नळावर गेला होता. काकू, घरमालक, तो धाकटा भाऊ आणि त्याच्याबरोबरचे दोघं-तिघं खोलीच्या दारात आले. काकूंनी आत्या-चुलतीचा हिशेब माझ्यासमोर मांडला. मी काहीतरी बरळलो, की मानलेलं नातं, की लहानपणापासूनची सवय. धाकट्या भावाची नजर कोनाड्यातल्या भंडाऱ्याच्या पुडीवर गेली. त्यानं ती उचलून माझ्यापुढं धरली.

"उचल भंडारा. म्हण त्यो आपला हाय. लगेच जातो आम्ही."

भंडारा उचलणं म्हणजे खंडोबाची शपथ घेणं, बाहेरच्या माणसाला यातलं वजन कळणार नाही. आमच्याकडं वाटण्या आणि सोयरिकी भंडारा उचलून मोडल्या आणि जुळल्या आहेत. खोटा उचलला तर मेंढरं बसतात, घर बसतं, असं मी ऐकत मोठा झालो. माझा हात वर गेला, पुडीपर्यंत गेला. तेवढ्यात जोडीदार भरलेली बादली घेऊन त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. माझ्याकडं बघत राहिला.

मी हात खाली घेतला आणि म्हणालो, "त्यो आमच्यातला नाय."

मग जे झालं ते पाच-सात मिनिटांत झालं. बादली सांडली. पेटी अंगणात फेकली गेली, कपड्यांतून तसबीर बाहेर पडली, ती उचलायला तो वाकला आणि कुणीतरी त्याच्या हातावर पाय दिला. मग लाथा. काकू नको नको म्हणत होत्या, पण घरात निघून गेल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. तो उठला, फुटलेली तसबीर डाव्या हातानं काखेत धरली, पेटी तिथंच सोडून रस्त्याला लागला. माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. मी दुपारी कामावर गेलो, हजेरी लावली.

मी देवाला भ्यालो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. साफ खोटं. मी त्या चार माणसांना भ्यालो, आणि आपली खोली जाईल याला भ्यालो. खंडोबा मला आयता सापडला.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. सिल्लोडकडं गावी गेला, बोटं वेडीवाकडी जुळली. संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. शहरात कुठं गुलाल, कुठं दगड. आमच्या गल्लीत दारं लावून माणसं आत बसली. महिन्याअखेरी मला कायमचं पत्र मिळालं. त्याची गैरहजेरी मोजली गेली आणि प्रोबेशन संपवलं गेलं. त्याच्या बाजूनं सांगायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मी गेलो नाही.

दाखले न्यायला तो एकदा कंपनीच्या गेटवर आला. वॉचमननं मला बोलावलं. मी त्याची पेटी जपून ठेवली होती, ती नेऊन दिली. माफी मागायला मी तोंड उघडलं तर त्यानं डाव्या हातानं खिशातून घडी घातलेलं पान काढलं. घड्यांवर फाटायला आलेलं, माझ्याच अक्षरातलं.

"हे घे. तुझ्या घरचं समदं हाय हेच्यात. दुसऱ्या कुणाच्या हाती नको लागाया." मग जाता जाता थांबला. "आत्याला नको सांगू. बरा हाय म्हण."

एवढंच. पुढं तो मला कधी दिसला नाही. वेरूळला लेण्यांजवळ दुकान टाकलंय, असं एकानं सांगितलं, सुरतेला गेला असं दुसऱ्यानं. मी शोधायला गेलो नाही.

गेम मी नंतर एकदाच लावला. त्याची फ्लॉपी ड्रॉवरमध्ये होती. त्याचा लंगडा चोर वेशीवर उभा होता, आणि पहारेकरी विचारत होता, कोण, कुठला. मला उत्तर टाइप करता येईना. माझ्या स्वतःच्या कॉप्यांचा गठ्ठा बाजूला होता, प्रत्येकीत माझा तलवारबहाद्दर धडधाकट, गावात सगळ्यांचा लाडका. मी मशीन बंद केलं.

आई मात्र त्याला विसरली नाही. प्रत्येक चंपाषष्ठीला विचारायची, माझा भाचा कसा आहे. बरा आहे, म्हणायचो. लग्न झालं का त्याचं? झालं. लेकरं? दोन आहेत. असं करत मी त्याला घर बांधून दिलं, एक मुलगी शिकवून मास्तरीण केली. ती ऐकायची आणि रोडगा बांधून द्यायची, त्याला दे म्हणून. तो मी बसस्टँडवर कुणालातरी देऊन टाकायचो.

ती शेवटच्या दुखण्यानं माझ्या घरी अंथरुणावर होती तेव्हा एका दुपारी मला ते सोसेना. मी तिला सगळं सांगितलं. आडनाव, पान, काकूंचा हिशेब, भंडारा. ती आढ्याकडं बघत ऐकत होती.

"मला ठावं व्हतं त्यो कुणाचा हाय," म्हणाली. "त्या गावात आपलं एक बी घर नाय. गाव सांगितलं तवाच कळलं."

मग भाचा का म्हणालीस, मी विचारलं.

"त्यो आत्या म्हणला की मला. मग मी काय म्हणू?" थोडा वेळ धाप लागली, ती ओसरू दिली. "तू आधी सांगितलं असतं तर पुतण्या म्हणले असते. तेवढं बी नाय सांगितलं तू."

मी भंडाऱ्याचं म्हणालो. खोटा कसा उचलणार होतो, म्हणालो.

"म्या उचलला असता," ती म्हणाली. "खंडोबाला काय सांगायचं ते म्या सांगितलं असतं."

तिनं पाणी मागितलं. मी तिला चमच्यानं पाजलं. त्यानंतर दीड महिना ती होती. भाच्याबद्दल तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि माझ्याशीही कामापुरतंच बोलली.